‘एर वाइस’ला शेवटी ‘ट’ का नाही?

मी निगडीत संध्याकाळचे जर्मनचे वर्ग घेते आणि आठवड्यातले काही दिवस चाकणच्या कारखान्यांत जाऊन शिकवते. माझ्यापुढे बसणारी माणसं साधारण तीन तऱ्हेची. टूल रूममधले आणि मेंटेनन्समधले लोक, ज्यांना मशिनबरोबर आलेली जर्मन पुस्तिका वाचायची असते. डिप्लोमा झालेली, बाहेर जाऊ पाहणारी मुलं. आणि आता नर्सिंग झालेल्या मुली. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून त्यांची चौकशी वाढली आहे. या सगळ्यांना अगदी सुरुवातीला अडवणारं एक क्रियापद आहे : ‘विसन’, म्हणजे माहीत असणं. या एका क्रियापदाने मला शिकवायचं कसं ते शिकवलं. त्यातून जे हाती लागलं ते मांडते.

१. ‘अनियमित आहे, पाठ करा’ असं म्हणण्याआधी क्रियापदाचं वय बघावं.

जर्मन वर्तमानकाळाचा साधा नियम पहिल्या आठवड्यात होतो. ‘करणे’ घ्या : इश माखऽ, दू माख्स्ट, एर माख्ट. ‘तो’ आला की शेवटी ‘ट’ येणारच. मुलं खूश होतात, कारण नियम हाती आला. मग ‘विसन’ येतं : इश वाइस, दू वाइस्ट, एर वाइस. अनेकवचनात वीर विसन, ईर विस्ट, झी विसन. ‘तो’चा ‘ट’ गायब. शिवाय एकवचनात ‘आइ’ आणि अनेकवचनात ‘इ’. अख्खा वर्ग ‘एर वाइस्ट’ म्हणतो, आणि पुस्तक चौकटीत लिहून मोकळं होतं की हे क्रियापद अनियमित आहे.

आपल्याकडे पुष्कळ मुलं आठवी ते दहावी संस्कृत घेतात. मार्क चांगले पडतात म्हणून घेतात, पण घेतात. एका तासाला मी फळ्यावर जर्मन रूपांशेजारी दुसरा रकाना आखला आणि त्यात ‘विद्’ धातूची रूपं लिहिली : अहं वेद, त्वं वेत्थ, स वेद. वयं विद्म, यूयं विद, ते विदुः. वर्ग काही वेळ नुसता बघत राहिला. ‘मी’ आणि ‘तो’ यांचं रूप इकडेही एकच, तिकडेही एकच. एकवचनात स्वर भरलेला, अनेकवचनात बारीक ‘इ’, तेही दोन्हीकडे. ‘वेत्थ’च्या शेवटी ‘थ’, ‘वाइस्ट’च्या शेवटी ‘ट’.

कारण असं की ‘वेद’ची ठेवण वर्तमानकाळाची नाही. ती ‘ददर्श’सारखी आहे, संस्कृत शिकताना ज्याला परोक्ष भूतकाळ किंवा लिट् म्हणतात त्या घडणीची. त्यात ‘मी पाहिलं’ आणि ‘त्याने पाहिलं’ दोन्हींना ‘ददर्श’च. ‘माख्ट’मधला ‘ट’ हा ‘गच्छति’मधल्या ‘ति’चा भाऊ. तो वर्तमानाचा प्रत्यय. भूतकाळाच्या घडणीत त्याला जागाच नव्हती, म्हणून ‘एर वाइस’ला तो कधीच नव्हता. जे गळलेलं वाटतं ते मुळात लागलेलंच नव्हतं. ज्याला आपण अनियमित म्हणतो ते रूप नियमापेक्षा जुन्या व्यवस्थेतलं, आणि त्या व्यवस्थेत अगदी नियमाने चालणारं.

हे सांगितल्यापासून माझ्या वर्गात ‘एर वाइस्ट’ फारसं ऐकू येत नाही. ज्यांना संस्कृतचा गंध नाही त्यांच्याही तोंडून नाही.

२. मराठी माणसाला भूतकाळाच्या रूपात वर्तमान बोलायची सवय आहे, ती वापरावी.

पुढचा प्रश्न ठरलेला : रूप भूतकाळाचं, तर अर्थ ‘माहीत आहे’ असा वर्तमानाचा कसा? ‘विद्’चा मूळ अर्थ पाहणं, दिसणं, सापडणं या अंगाचा आहे. लॅटिनमध्ये ‘विदेओ’ म्हणजे मी पाहतो; आपल्या तोंडातला ‘व्हिडिओ’ तिथूनच आला. ‘मी पाहिलं आहे’, म्हणून ‘मला माहीत आहे’. झालेल्या क्रियेची आज उरलेली स्थिती म्हणजे हे रूप.

इंग्रजीतून शिकलेल्या मुलांना हे जड जातं. मराठीतून समजावलं की जात नाही. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर विचारतो, ‘कळलं?’ हेल्पर म्हणतो, ‘कळलं.’ दोघंही आत्ताबद्दल बोलतायत. ‘भूक लागली’ म्हणणाऱ्याला भूक आत्ता आहे. ‘तो तिकडे बसलाय’ म्हणजे तो आत्ता तिथे आहे, बसण्याची क्रिया मघाशीच संपली. आपण हे दिवसभर करतो. हजारो वर्षांपूर्वी ‘वेद’ आणि ‘वाइस’च्या पूर्वजाने हेच केलं होतं.

आणि ‘कळलं’ वर्तमानासाठी खर्च झालं की खऱ्या भूतकाळासाठी आपण काय करतो? ‘मला तेव्हाच कळलं होतं.’ वर एक ‘होतं’ चढवतो. जर्मनलाही नवा भूतकाळ घडवावा लागला : ‘इश वुस्टऽ’. हा प्रत्यय लावून केलेला, नंतरचा भूतकाळ आहे. जुना भूतकाळ आधीच वर्तमानात कामाला लागलेला होता.

३. चांदणीची भीती घालवायची तर टूल रूममध्ये जावं.

‘वेद’ आणि ‘वाइस’ यांच्या मध्ये एक पायरी आहे, जी कुणी कधी लिहिलेली नाही. अभ्यासक तिला आदि-जर्मानिक म्हणतात. जर्मन, इंग्रजी, डच, स्वीडिश, डॅनिश या सगळ्यांची ती समान पूर्वज. तिचा काळ साधारण इसवी सनापूर्वीच्या पाच शतकांतला, मुलूख दक्षिण स्कँडिनेव्हिया आणि उत्तर जर्मनीचा. त्या भाषेतलं रूप लिहिताना आधी चांदणी काढतात : *वाइत, *वाइस्त, *वाइत, *वितुम, *वितुथ, *वितुन. चांदणीचा अर्थ, हे रूप कुठल्याही दगडावर वा कागदावर सापडलेलं नाही. तर्काने उभं केलं आहे. ही प्रथा एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट श्लायखर या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने रुळवली.

‘म्हणजे अंदाजच ना मॅडम?’ हा प्रश्न टूल रूममध्ये काम करणाऱ्या एका दादांनी विचारला होता, आणि उत्तरही त्यांच्याच कामातून निघालं. जुन्या मशिनचा एखादा भाग तुटतो, कंपनी बंद पडलेली, ड्रॉइंग मिळत नाही. मग त्याच जातीच्या दोन-चार मशिन्सवरचे तेच भाग काढून आणायचे. एकाचा दात झिजलेला, दुसऱ्याची खाच वाढलेली, तिसऱ्याचं भोक अंडाकृती झालेलं. पण प्रत्येकाची झीज निराळ्या जागी. मापं शेजारी शेजारी ठेवली की मूळ ड्रॉइंग काय होतं ते काढता येतं, आणि झीज त्या जागीच का झाली हेही सांगता येतं. *वाइत असंच काढलेलं आहे. जर्मन ‘वाइस’, डच ‘वेट’, जुन्या इंग्रजीतलं ‘वात’, जुन्या नॉर्समधलं ‘वेइत’ ही मापं.

त्या मापांत एक भाग जवळजवळ न झिजलेला मिळाला, तो गॉथिक भाषेतला. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबल गॉथिकमध्ये आणलं. त्याचं सहाव्या शतकातलं, चांदीच्या शाईने लिहिलेलं हस्तलिखित स्वीडनमध्ये उप्साला इथे आहे. गॉथिकमध्ये ‘मी जाणतो’ला ‘वाइत’ आणि ‘आम्ही जाणतो’ला ‘वितुम’च आहे. क्रियापदाचं द्विवचनही तिथे जिवंत आहे. आपल्या मराठीने ते केव्हाच टाकलं.

४. आवाज कुठल्या रस्त्याने बदलला, तो रस्ता एकदा चालून दाखवावा.

‘वेद’मधल्या ‘द’चा ‘वाइस’मध्ये ‘स’ कसा झाला? दोन टप्प्यांत. आदि-जर्मानिक होताना ‘द’चा ‘त’ झाला. याकोब ग्रिमने १८२२ साली हे फेरबदल नियमात बांधले. पुढे दक्षिणेकडच्या जर्मन बोलींत या ‘त’चा शब्दाच्या मध्ये-शेवटी ‘स’ आणि सुरुवातीला ‘त्स’ झाला. इंग्रजी पहिल्या टप्प्यावर थांबली. म्हणून आपला ‘पाद’, इंग्रजी ‘फूट’, जर्मन ‘फूस’. ‘उदक’, ‘वॉटर’, ‘वासर’. ‘दहा’चं मूळ ‘दश’, मग ‘टेन’, मग ‘त्सेन’. ‘दंत’, ‘टूथ’, ‘त्सान’. एवढे चार शब्द फळ्यावर पुरतात. नंतर मुलं स्वतःच शोधत बसतात, आणि त्यातले काही जुळवलेले शब्द चुकीचेही असतात. त्यांना मी थांबवत नाही, फक्त प्रत्येक आवाजाचा हिशेब मागते.

५. व्याकरणातली सर्वांत अवघड गोष्ट आळंदीच्या जवळ राहणाऱ्यांना सोपी करून सांगता येते.

‘वेद’मध्ये ‘ए’ आणि ‘विद्म’मध्ये ‘इ’ का, हा प्रश्न अजून उरलाच. उत्तर आहे स्वराघात. वैदिक भाषेत ‘वेद’मध्ये उदात्त ‘वे’वर आहे. ‘विद्म’मध्ये तो शेवटच्या ‘म’वर गेला आहे. जोर मुळावर असेल तर मुळातला स्वर भरीव राहतो, जोर पुढे सरकला की मूळ आक्रसतं. आदि-जर्मानिकमधल्या *वाइत आणि *वितुम यांचा फरक याच कारणाचा. पण पुढे जर्मानिक भाषांनी सगळा जोर पहिल्या अक्षरावर आणून ठेवला. कारण नाहीसं झालं, परिणाम मागे राहिला. कारण शोधायला युरोपला संस्कृतकडे यावं लागलं.

याचा सर्वांत देखणा पुरावा डेन्मार्कच्या कार्ल व्हेर्नरने १८७५ साली लिहिलेल्या लेखात दिला. ‘पितृ’ आणि ‘भ्रातृ’ दोन्हींत ‘त’ आहे, तर जर्मनमध्ये ‘फाटर’ला ‘ट’ आणि ‘ब्रूडर’ला ‘ड’ का? वैदिक ‘पिता’मध्ये उदात्त ‘ता’वर, ‘भ्राता’मध्ये ‘भ्रा’वर. ‘त’च्या लगेच आधीच्या स्वरावर जोर होता की नव्हता, यावरून त्याचं पुढचं नशीब ठरलं. ‘माता’चा उदात्त ‘ता’वर, म्हणून ‘मुटर’लाही ‘ट’. ग्रिमच्या नियमाला अपवाद म्हणून बाजूला काढलेले शब्द एका फटक्यात नियमात बसले.

आळंदीच्या वेदपाठशाळांत मुलं आजही उदात्त-अनुदात्त सांभाळून संहिता म्हणतात. चाकणहून आळंदीमार्गे मोशीला येणारी माझी मुलं रोज त्यांच्या दारावरून जातात. तो पाठ ऐकलेल्या मुलाला ‘अक्षरावर जोर’ म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

प्रेस शॉपमधल्या लोकांसाठी माझं उदाहरण निराळं असतं. कापणं म्हणजे ‘श्नाइडन’, मध्ये ‘ड’. कापलं म्हणजे ‘श्निट’, कापलेलं म्हणजे ‘गेश्निटन’, मध्ये ‘ट’. कटिंग टूलच्या जर्मन ड्रॉइंगवर हे दोन्ही शब्द दिसतात आणि ते एकाच क्रियापदाचे आहेत असं कुणाला वाटत नाही. वर्तमानात जोर मुळावर होता, ‘कापलेलं’मध्ये प्रत्ययावर. जुन्या जर्मनमध्ये ‘त्याने कापलं’लाही ‘ड’च होता, ‘स्नाइड’. पुढे अनेकवचनाचं पाहून तिथेही ‘ट’ आला. अडीच हजार वर्षांपूर्वीचा एक उच्चार चाकणच्या ड्रॉइंग शीटवर असा छापलेला असतो. मला ही गोष्ट प्रत्येक वेळी तितकीच विलक्षण वाटते.

६. पुण्याला आलेल्या जर्मनांची आणि पाणिनीची ओळख याच धड्यात करून द्यावी.

जर्मन माणूस पिंपरीत कारखान्याबरोबर आला, असं माझ्या विद्यार्थ्यांना वाटतं. त्यांच्या आयुष्यात तो तसाच आला. पिंपरीतले पंप, १९९०च्या दशकात टेल्कोच्या आवारात बनू लागलेल्या मर्सिडीज, २००९ पासून चाकणला फोक्सवागन. पण त्याच्या शंभर वर्षं आधी पुण्यात जर्मन प्राध्यापक संस्कृत शिकवत होते. मार्टिन हाउग १८५९ मध्ये आले आणि १८६६ पर्यंत राहिले. त्याच वर्षी फ्रान्झ कीलहॉर्न डेक्कन कॉलेजात रुजू झाले, ते १८८१ पर्यंत. कीलहॉर्ननी इथल्या शास्त्र्यांजवळ बसून व्याकरण वाचलं, १८७० मध्ये संस्कृतचं व्याकरण लिहिलं आणि पतंजलीच्या महाभाष्याची तीन खंडांची आवृत्ती १८८० ते १८८५ या काळात काढली. ती आजही प्रमाण मानतात. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ साली मुंबईत संस्कृत ते मराठी या प्रवासावर व्याख्यानं दिली, तीही याच वातावरणातली.

त्यांच्याही फार आधी या क्रियापदावर ज्याची नजर गेली तो पाणिनी. अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायाच्या शेवटच्या पादात त्याने नियम केला आहे की ‘विद्’ला वर्तमानकाळात लिट्‌चे प्रत्यय विकल्पाने लागतात. म्हणून ‘वेत्ति’ही बरोबर आणि ‘वेद’ही बरोबर. लगेच पुढच्या सूत्रात ‘आह’ या रूपाचीही तशीच सोय लावली आहे. त्याला ग्रीक ठाऊक असण्याचं कारण नाही, गॉथिक तर तेव्हा जन्मलीही नव्हती. तरी हे वर्तमान भूताच्या घडणीचं आहे, हे त्याने नेमकं नोंदलं. जर्मन व्याकरणं ज्यांना ‘भूत-वर्तमान क्रियापदं’ म्हणतात त्यांची ही सर्वांत जुनी नोंद. पाणिनी हे लिहीत होता त्याच सुमाराच्या शतकांत उत्तर युरोपातली माणसं *वाइत, *वितुम म्हणत होती. हे मला वर्गात नुसतं सांगून भागत नाही. मी फळ्यावर दोन्ही रेघा ओढून शतकं मांडते.

७. जुळणी दाखवताना गर्वाला तिथेच अडवावं.

दोन रकाने शेजारी आले की वर्गातून कुणीतरी म्हणतंच, ‘म्हणजे जर्मन संस्कृतातून निघाली!’ आवाजात आनंद असतो, आणि तो मोडायला मला आवडत नाही. पण चुकीचा आनंद टिकत नाही. संस्कृत ही जर्मनची आई नाही. दोघी बहिणी, आणि आई दोघींच्याही आधीची. पुरावा याच शब्दात आहे. ‘वेद’मधला ‘ए’ हा मुळात जोडस्वर होता. अ आणि इ मिळून ए होतो हे आपण संधीत शिकतोच. ग्रीकमध्ये हेच रूप ‘ओइदा’ आहे. म्हणजे दोन स्वर ऐकू येणं हे जुनं. संस्कृतने त्यांचा एक स्वर केला. गॉथिक ‘वाइत’ने आणि आजच्या ‘वाइस’ने तो जोडस्वर जोडस्वरच ठेवला. व्यंजन संस्कृतने जुनं राखलं, स्वर जर्मनने. फ्रान्झ बोपने १८१६ मध्ये संस्कृत क्रियापदांची रूपं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक रूपांशेजारी ठेवली तेव्हापासून हे शास्त्र असंच वाढत आलं आहे : कुणाचा मान मोठा हे न विचारता, कुणी काय जपलं ते विचारत.

आपल्याकडे या धातूने काय जपलं ते बघायला लांब जावं लागत नाही. विद्या, विद्वान, संवेदना, निवेदन, विदित. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत या धातूची दोन रूपं येतात. ‘विद्वान’ची तर गंमत अशी की तेही याच जुन्या घडणीतलं कृदंत, ‘ज्याने पाहून जाणलं आहे तो’. त्याचा गॉथिकमधला नातलग ‘वीतवोथ्स’, म्हणजे साक्षीदार.

८. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य आधी शिकवावं.

नर्सिंगच्या मुलींना मी पहिल्या दिवशी ‘इश वाइस एस निश्ट’ म्हणायला लावते. इस्पितळात औषधाच्या मात्रेबद्दल नुसती मान हलवणं धोक्याचं. हे वाक्य स्पष्ट म्हणता आलं पाहिजे. आपल्या मुली नकार द्यायला संकोचतात. तो संकोच व्याकरणाने जात नाही, वाक्य शंभरदा म्हणून जातो.

त्याच्या जोडीला ‘कान’, ‘मुस’, ‘दार्फ’, ‘माग’, ‘झोल’ ही क्रियापदं येतात : शकतो, पाहिजेच, परवानगी आहे, आवडतं, करावं. एर कान, एर मुस, एर दार्फ. एकालाही ‘ट’ नाही. ही सगळी ‘वाइस’च्याच घडणीची, भूताच्या रूपातली वर्तमानं, म्हणून एकदम शिकवता येतात. ‘कान’ तर आपल्या ‘जाण’चा सगा. ज्ञा, जानाति, जाणणे. तिकडे जाणण्यावरून करू शकण्यापर्यंत अर्थ सरकला. आपणही ‘त्याला पोहता येतं’ म्हणतो तेव्हा त्यात पोहण्याचं ज्ञान आणि पोहण्याची शक्ती वेगळी काढता येत नाही.

एका फिटरने यावर विचारलेला प्रश्न माझ्या वहीत आहे. ‘मॅडम, मग “एर विल”? त्यालाही “ट” नाही. तोपण जुना भूतकाळ का?’ पहिली पाळी करून, रहदारीतून तासभर वाट काढत आलेला मुलगा. हा प्रश्न भाषाशास्त्राच्या वर्गातही फार जण विचारत नाहीत. उत्तर ‘नाही’ असं आहे. ‘विल’, म्हणजे त्याला हवं आहे, हे मूळचं विध्यर्थाचं रूप. त्याची घडण ‘ददर्श’ची नाही, ‘स्यात्’च्या जातीची : त्याला हवं असावं. इच्छा सरळ न सांगता अदबीने सांगायची, आणि पुढे अदबीचं रूपच साधं होऊन बसायचं. विध्यर्थाच्या त्या रूपालाही वर्तमानाचा ‘ति’ लागत नव्हता, म्हणून ‘विल’ दिसायला ‘वाइस’च्या रांगेत येऊन उभं राहिलं. त्याचा संस्कृतातला नातलग ‘वृ’, निवडणं, ज्यावरून आपला ‘वर’ आला. पुढच्या तासाला तो मुलगा ‘स्यात्’ची सगळी रूपं कागदावर उतरवून घेऊन आला, आणि ‘झाइन’, म्हणजे असणं, या क्रियापदाचा रकाना त्याने शेजारी मोकळा सोडला होता.